मुखपट्टी कोणासाठी?

करोनाच्या महासाथीत दोन वर्षे आपल्या तोंडावर बसलेली मुखपट्टी महाराष्ट्रात २०२२ च्या गुढीपाडव्याला ऐच्छिक झाली आणि पाहता पाहता कपाटाच्या खणात, शिवणाच्या डब्यात जाऊन पडली. आज कोणी ती बांधून बाहेर पडला तर “काय हो, बरे नाही का?” अशी विचारणा होते. साथ अंगावर असताना जे प्रश्न शांतपणे विचारता येत नाहीत ते साथ ओसरल्यावर विचारावेत, हे खरे. परंतु तोवर ते विचारण्याची कोणाला गरज वाटेनाशी होते. मुखपट्टीचा प्रश्न असाच अर्धवट राहून गेला आहे.

डॉक्टर आणि परिचारिका ह्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा रोगाशी रोजचा सामना असतो. पण बाजारातून भाजी आणणारी गृहिणी, विरार लोकलच्या दारात उभा असलेला कारकून, रविवारच्या मिस्सेला काठी टेकत येणारे आजोबा, ह्या साध्यासुध्या माणसांचे मुखपट्टीने खरोखरच रक्षण झाले काय? आणि ह्याचे उत्तर निश्चित देता येत नसेल, तर ती बांधण्याचे नैतिक बंधन त्यांच्यावर होते काय? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. ह्या दोहोंची गल्लत झाली, आणि मुखपट्टीचे कैवारी व तिचे विरोधक हे दोघेही एकमेकांवर ओरडत राहिले.

गल्लत होण्यास एक शब्दही कारणीभूत आहे, असे मला वाटते. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे काही वकिलांचे अर्ज आले होते. ते एकट्याने मोटार चालवीत होते आणि मुखपट्टी नसल्याने त्यांना दंड झाला होता. न्यायालयाने दंड योग्य ठरविला व मुखपट्टीला ‘सुरक्षा कवच’ म्हटले. आता कवच म्हटले की आपल्याला कर्ण आठवतो. कवच हे ज्याच्या अंगावर असते त्याचे रक्षण करते. शेजाऱ्याशी त्याचा काही संबंध नसतो. मुखपट्टी ही अशी वस्तू आहे काय?

आपल्याच प्रदेशात तोंडावर फडके बांधण्याची परंपरा जुनी आहे आणि ती पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. स्थानकवासी जैन साधू-साध्वी मुंबईच्या रस्त्यांवरून अनवाणी विहार करताना दिसतात तेव्हा त्यांच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती असते. आपल्या उष्ण श्वासाने हवेतील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये म्हणून ती बांधलेली असते. पारशी धर्मगुरू अग्नीसमोर उभे राहतात तेव्हा तोंडाला पदान बांधतात, ते आपला श्वास पवित्र अग्नीला लागू नये म्हणून. आणि ज्या शस्त्रक्रियागृहातून आपली निळी पट्टी आली तेथेही हेच. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद योहान मिकुलिच ह्यांनी शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीच्या कापडाची पट्टी बांधण्यास सुरुवात केली. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे त्यांचे सहकारी कार्ल फ्ल्यूगे ह्यांनी दाखवून दिले होते, आणि ते तुषार रुग्णाच्या उघड्या जखमेत पडू नयेत एवढाच त्या पट्टीचा हेतू होता. साधू, धर्मगुरू आणि शल्यविशारद हे तिघेही स्वतःला वाचविण्यासाठी तोंड झाकीत नव्हते.

स्वतःच्या रक्षणासाठी मुखपट्टी वापरण्याची मोठी घटना त्यानंतर घडली. १९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार माजविला. पेनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले एकतीस वर्षांचे डॉक्टर वू लियन-ते ह्यांना चिनी सरकारने हार्बिन शहरी धाडले. हा प्लेग पिसवांमुळे नव्हे, तर माणसाच्या श्वासातून पसरतो, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी कापूस व जाळीचे कापड ह्यांची जाड मुखपट्टी सर्वांना बांधावयास लावली. मेनी नावाचे एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर तेथे आले होते. त्यांना हे मत हास्यास्पद वाटले. ते मुखपट्टीवाचून रुग्णांना तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, प्लेगनेच मरण पावले. ही कथा मुखपट्टीच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे. पण तिने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. रुग्णाच्या तोंडाशी वाकलेला डॉक्टर आणि भाजीबाजारातील गृहिणी ह्यांचा धोका सारखा नसतो. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझात सॅन फ्रान्सिस्को शहराने सर्वच नागरिकांवर मुखपट्टीची सक्ती केली, न बांधणाऱ्यांना दंड आणि तुरुंगवासही झाला, १९१९ च्या जानेवारीत तेथे मुखपट्टीविरोधी संघही निघाला, आणि एवढे करूनही ते शहर मृत्यूंच्या बाबतीत इतर मोठ्या शहरांपेक्षा उजवे ठरले नाही. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग ह्यांनी १९२० मध्ये प्रयोगांती लिहिले, की सक्ती करण्याइतकी उपयुक्तता मुखपट्टीने सिद्ध केलेली नाही. तेव्हाची पट्टी म्हणजे विरळ जाळीचे कापड होते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

करोनाच्या काळात एक युक्तिवाद घरोघरी ऐकू येत असे. विषाणू हा मिलिमीटरचा दहा हजारावा भाग; कापडाची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी; तेव्हा मुखपट्टीने विषाणू अडविणे म्हणजे काटेरी कुंपणाने डास अडविणे. युक्तिवाद झकास आहे, पण चुकीचा आहे. एक तर विषाणू एकटा उडत नाही. तो थुंकीच्या व श्वासातील ओलाव्याच्या लहानमोठ्या तुषारांत बसून बाहेर पडतो. दुसरे म्हणजे मुखपट्टी ही पिठाची चाळण नसते. तिच्यात तंतूंचे दाट जंगल असते. मोठे कण वळणावर तंतूंना आदळतात, अगदी सूक्ष्म कण वेडेवाकडे भरकटत तंतूंना चिकटतात, आणि चांगल्या मुखपट्टीच्या तंतूंवर विद्युतभार असतो तो त्यांना ओढून घेतो. एन-९५ ह्या नावाचा अर्थच असा, की सर्वांत निसटत्या आकाराचे कणसुद्धा ती किमान शेकडा ९५ इतके अडविते. हे झाले प्रयोगशाळेत. माणसाच्या चेहऱ्यावर तिच्या कडांतून हवा निसटते, दाढी आड येते, आणि बोलताना ती हनुवटीवर उतरते. नाक उघडे ठेवून तोंड तेवढे झाकण्याची जी कला आपण सर्वांनी साध्य केली होती, तिची चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेने केली नसावी!

श्वासातून रोग किती पसरू शकतो ह्याचे एक उदाहरण चर्चमध्ये गाणाऱ्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन गावी एका चर्चच्या सभागृहात एक गायकवृंद सरावासाठी जमला. एकूण ६१ जण होते. त्यांनी हस्तांदोलन टाळले, हाताला जंतुनाशक लावले. जे करा असे तेव्हा सांगितले जात होते ते त्यांनी केले. मुखपट्टी बांधा असे कोणी सांगितले नव्हते. अडीच तास ते गायले. त्यांच्यापैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढील काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले आणि दोघे मरण पावले. ज्याला सर्दी होती त्याच्या मनात कोणाला इजा करण्याचा विचार स्वप्नातही आला नसेल. तो फक्त गायला. आपल्या अंगातून निघणारी सर्वांत निष्पाप गोष्ट, म्हणजे आपला श्वास, दुसऱ्याच्या मरणाला कारण होऊ शकते, ही गोष्ट मनाला पटवून घेणे कठीण आहे. ती पटली की मुखपट्टीचा नैतिक प्रश्न सुरू होतो.

आता मोठ्या चाचण्यांकडे वळू. दोन चाचण्या विशेष गाजल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे समजले जाते. पहिली डेन्मार्कची. १९२० च्या शंभर वर्षांनंतर, एप्रिल ते जून २०२० ह्या काळात, तेथे सुमारे ६,००० लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्या देऊन घराबाहेर त्या बांधण्यास सांगितले. दुसऱ्याला सांगितले नाही. महिन्यानंतर पहिल्या गटात शेकडा १.८ आणि दुसऱ्यात शेकडा २.१ लोकांना लागण झालेली आढळली. हा फरक इतका थोडा आहे, की तो योगायोगानेही पडू शकेल. झाले! मुखपट्टी निरुपयोगी, असा डांगोरा जगभर पिटला गेला. पण ह्या चाचणीने विचारलेला प्रश्न नीट पाहावा. सभोवतालचे बहुतेक लोक उघड्या तोंडाने वावरत असताना, एकट्या मुखपट्टीधारकाचे किती रक्षण होते, एवढेच तिने मोजले. त्याने इतरांना किती वाचविले हे तिने मोजले नाही आणि तिच्या रचनेत ते मोजता येणारही नव्हते. ती कवचाची परीक्षा होती.

दुसरी चाचणी बांगलादेशातील. ती मला अधिक मोलाची वाटते, कारण ती आपल्यासारख्या लोकांत झाली आणि तिने व्यक्तीऐवजी गाव हे एकक धरले. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ ह्या काळात ६०० गावे व सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढ माणसे तिच्यात होती. निम्म्या गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या, घरोघरी माहिती दिली, मशिदीतील इमामांसारख्या मान्यवरांकडून सांगविले, आणि बाजारात, रस्त्यावर स्वयंसेवक उभे राहून उघड्या तोंडाच्या माणसाला सौम्यपणे आठवण करून देत असत. दंड नव्हता. त्या गावांत नीट मुखपट्टी बांधणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १३ वरून ४२ वर गेले. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक तरीही मोकळ्या तोंडानेच फिरत होते. एवढ्यानेही लक्षणांसह लागण झालेल्यांचे प्रमाण सुमारे शेकडा ९ नी घटले. कापडी मुखपट्टीचा लाभ खात्रीने दिसला नाही. शस्त्रक्रियेच्या मुखपट्टीचा दिसला, सुमारे शेकडा ११. आणि जेथे त्या वाटल्या गेल्या त्या गावांतील साठीपुढच्या लोकांत ही घट शेकडा ३५ च्या आसपास होती.

ही शेवटची संख्या पुन्हा वाचावी. त्या गावांत आजोबांनी स्वतः किती मुखपट्टी बांधली आणि त्यांच्या नातवाने, दुकानदाराने, शेजाऱ्याने किती बांधली, ह्याची फोड करता येत नाही. लाभ गावाला झाला, आणि त्यातही अधिक लाभ वृद्धांना.

तरीसुद्धा ढोल वाजविण्याचे कारण नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोक्रेन ह्या संस्थेने अशा सर्व चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात समाजामध्ये मुखपट्टीने फारसा फरक पडत नसावा, असे वाक्य होते. त्यावरून पुन्हा गदारोळ उठला, तेव्हा मार्चमध्ये संस्थेच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला, की ‘मुखपट्टी निरुपयोगी आहे’ असा ह्याचा अर्थ नाही. उपलब्ध पुराव्यांवरून निश्चित निष्कर्ष निघत नाही, एवढाच आहे. मला समजते ते असे: चांगली, घट्ट बसणारी मुखपट्टी, बंद जागेत, पुष्कळांनी एकाच वेळी बांधली तर तिचा लाभ होतो, तो मर्यादित असतो, सैल कापडी पट्टीचा लाभ संशयास्पद असतो, आणि मोकळ्या वाऱ्यात एकट्याने बांधलेल्या पट्टीचा जवळजवळ नसतोच.

ह्या संशयाच्या वातावरणात अधिकारपदावरील माणसे कशी वागली, ह्याविषयी एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याने जनतेला जाहीर आवाहन केले, की मुखपट्ट्या विकत घेऊ नका, सामान्य लोकांना त्यांचा उपयोग होत नाही. पण डॉक्टरांना त्या मिळाल्या नाहीत तर सर्वांचेच जीव धोक्यात येतील. शाळकरी मुलालाही ह्यातील विसंगती कळावी. पाच आठवड्यांच्या आत, ३ एप्रिलला, त्याच देशाने सर्वांना तोंड झाकण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला ५ जूनला बदलला. ज्ञान वाढले म्हणून सल्ला बदलणे ह्यात काहीच गैर नाही. पण वस्तू कमी आहे हे सांगण्याऐवजी ती निरुपयोगी आहे असे भासविणे, हे सत्याशी प्रतारणा करणे होय, मग हेतू कितीही चांगला असो. “मुखपट्ट्या थोड्या आहेत, आधी त्या रुग्णालयांना देऊ या,” एवढे सांगितले असते तर लोकांनी ऐकले नसते काय? आपल्याकडे महिला बचत गटांनी घरच्या यंत्रांवर हजारो पट्ट्या शिवून दिल्याच ना?

आता नीतीच्या प्रश्नाकडे. पुरावा अपुरा असताना कर्तव्य काय, हा प्रश्न करोनाने निर्माण केलेला नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्रात त्यावर तीनशे वर्षे घनघोर वाद झाले आहेत. १५७७ मध्ये सालामान्का येथील डोमिनिकन पंडित बार्तोलोमे दे मेदिना ह्यांनी असे मत मांडले, की एखादी कृती करण्यास सबळ आधार असेल तर विरुद्ध मत अधिक सबळ असले तरीही ती कृती करण्याची मुभा आहे. ह्यातून पुढे सूत्र आले ते असे: ज्या नियमाविषयीच संशय आहे तो बंधनकारक नाही. फ्रान्समध्ये पास्कालने ह्या सूत्राच्या अतिरेकाची यथेच्छ टिंगल केली. अठराव्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी ह्यांनी दोन टोकांमधून वाट काढली. ह्या वादाच्या तपशिलात जाण्याचे येथे कारण नाही. कारण एका मुद्द्यावर सौम्य व कठोर अशा दोन्ही पक्षांचे एकमत होते. ते शिकाऱ्याचे उदाहरण देत. झुडपात काहीतरी हलले. हरीण असेल, माणूस असेल. शिकाऱ्याला खात्री नाही. “मला संशय आहे, म्हणून मी मोकळा आहे,” असे म्हणून त्याने गोळी झाडावी काय? कोणीही हो म्हटले नाही. संशयाचा फायदा माणसाने स्वतःपुरता घ्यावा. ज्या संशयाची किंमत दुसऱ्याला प्राणाने मोजावी लागेल तेथे अधिक सुरक्षित मार्गच धरला पाहिजे, असे ते म्हणत.

मुखपट्टी कवच असेल तर ती बांधावी की न बांधावी हा माझा प्रश्न आहे. मी धोका पत्करतो, परिणाम मी भोगीन. “माझा जीव, माझी मर्जी,” असे म्हणणारा तरुण उद्धट असेल, पण तर्काने चुकत नसतो. परंतु मुखपट्टी मुख्यतः माझा श्वास दुसऱ्यापासून अडविण्यासाठी असेल, तर मी शिकाऱ्याच्या जागी उभा आहे. माझ्या अंगात विषाणू आहे की नाही हे मला ठाऊक नाही. करोनाने लक्षणांवाचूनही पसरून दाखविले. पट्टी नक्की किती अडवील हेही ठाऊक नाही. पण ह्या दोन्ही अज्ञानांचे ओझे माझ्या शेजारच्या बाकावरील वृद्ध बाईवर टाकण्याचा अधिकार मला कोणी दिला? पुरावा अपुरा आहे, ह्या एकाच विधानातून स्वतःसाठी स्वातंत्र्य निघते आणि दुसऱ्यासाठी कर्तव्य निघते.

ह्यावर विचारी वाचक म्हणेल, की असे म्हटले तर माणसाने घराबाहेरच पडू नये. प्रत्येक हिवाळ्यात फ्लू असतो, प्रत्येक खोकल्यात क्षयाची शंका असते. सुरक्षित मार्गाला शेवट कोठे? आक्षेप योग्य आहे. शिकाऱ्याला गोळी न झाडल्याने काही गमवावे लागत नाही, फार तर एक हरीण. मुखपट्टीचे तसे नाही. तिलाही किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. बहिऱ्या माणसाला ओठ वाचता आले नाहीत की सगळे जग मुके होते. बोलू लागलेल्या बाळाला चेहऱ्यांची गरज असते. चुलीपुढे किंवा भट्टीपुढे राबणाऱ्याचा जीव पट्टीने खरोखरच गुदमरतो. तेव्हा कर्तव्य हे धोक्याच्या मापाने कमी-अधिक होते, असे मानावे लागेल. साथ जोरात आहे, जागा बंद आहे, माणसे दाटीने बसली आहेत, त्यांत वृद्ध व आजारी आहेत: येथे तासाभराची अडचण सोसण्यास नकार देणे मला समर्थनीय वाटत नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पहाटे एकटा चालणारा माणूस मात्र मोकळा आहे, आणि दिल्लीतील मोटारीत एकटा बसलेला वकीलही.

कर्तव्य मान्य केले म्हणजे सक्ती मान्य केली असेही होत नाही. ८ एप्रिल २०२० पासून मुंबईत मुखपट्टी सक्तीची झाली, आणि पुढे तिच्यासाठी २०० रुपये दंडही बसला. मोटारवाल्याला २०० रुपये म्हणजे काहीच नव्हेत. टाळेबंदीनंतर नुकत्याच कामावर परतलेल्या नाका कामगाराची ती दिवसभराच्या कमाईतील मोठी वाटणी. ज्या साथरोग कायद्याखाली मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात निर्बंध आले तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगासाठी केलेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगाच्या बंदोबस्तासाठी सैनिक घराघरांत घुसले, लोकांच्या स्वयंपाकघरांची व देवघरांची विटंबना झाली, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोगाविरुद्धचे उपाय तेव्हा पुष्कळसे योग्य होते. ते ज्या रीतीने राबविले गेले त्या रीतीने लोकांना प्लेगापेक्षा सरकारच शत्रू वाटू लागले. बांगलादेशातील स्वयंसेवक बाजारात उभा राहून फुकटची मुखपट्टी पुढे करीत होता. आपल्याकडे पावतीपुस्तक पुढे केले जात होते. साथीच्या पहिल्या भीषण आठवड्यांत काही काळ दंडाची गरज असेलही. पण जी गोष्ट शेजाऱ्यासाठी करावयाची, ती दंडाच्या भीतीने केली जाऊ लागली की पोलीस दिसताच पट्टी वर जाते आणि घरात आजीजवळ बसताना खाली येते. आपण हे पाहिले आहे.

पुढील साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. ती येणार नाही असे मात्र कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. त्या वेळी गायकवृंदाने काय करावे, हा प्रश्न मला पडतो. पट्टी बांधून गाता येत नाही, आणि गाण्यावाचून आपली उपासना सुनी होते. माउंट व्हर्ननच्या घटनेचा अभ्यास करणाऱ्यांनी गाण्याइतकाच भर बंद सभागृहात कोंडलेल्या हवेवर दिला आहे. वसईची आपली जुनी चर्चे पाहावीत. उंच छत, समोरासमोरचे रुंद दरवाजे, डोक्याच्या वर खिडक्यांची रांग. बांधणाऱ्यांना विषाणू ठाऊक नव्हता, उकाडा ठाऊक होता. अलीकडे अनेक धर्मग्रामांत नव्या सभागृहांची बांधकामे चालू आहेत आणि ती वातानुकूलित असावीत असा आग्रह असतो. नकाशे मंजूर होण्यापूर्वी त्यांत उघडता येणाऱ्या खिडक्या किती आहेत, एवढे तरी आपल्या धर्मग्राम समितीच्या पुढच्या बैठकीत कोणी विचारावे.